युद्धप्रचाराची तिकिटं: आझाद हिंदचं पान लागलं

मंडळी, माझ्या तिकीटसंग्रहाच्या एका चौकटीच्या (एकाच फ्रेममध्ये मावणाऱ्या) प्रदर्शनाची मधली पानं लावून झाली. सोळा पानांत दुसऱ्या महायुद्धातली प्रचाराची तिकिटं बसवायची, तर देशवार मांडणी कोरडी होते. म्हणून तिकीट कोणाच्या नजरेस पडावं यासाठी काढलं, त्यावरून पानं पाडली आहेत.

शत्रूसाठीचा भाग लवकर उरकला. १९४३ मध्ये ब्रिटिशांनी हिटलरच्या जागी त्याच्या एसएस दलाचा प्रमुख हिमलर याचं डोकं घालून ६ फेनिगचं जर्मन तिकीट केलं. हिमलरचा गादीवर डोळा आहे, असा संशय पेरायचा होता. अमेरिकनांनी १९४५ च्या फेब्रुवारीपासून टपाल नेणाऱ्या रेल्वेगाड्यांवर विमानांतून हल्ले करून तिथेच बनावट टपालाच्या थैल्या टाकल्या, म्हणजे जर्मन पोस्टमननेच त्यांचा मजकूर घरोघर पोचवावा. यांची अस्सल तिकिटं माझ्या खिशाबाहेरची, आणि बाजारात नकलेच्याही नकला फिरतात. तिथे छायाचित्रं लावून तशी स्पष्ट नोंद केली आहे. नॉर्वेचं पान मात्र अस्सल तिकिटांचं: वर १९४१ ची, जर्मनांनी विजयाचा ‘व्ही’ छापलेली, खाली लंडनमधल्या परागंदा सरकारचं १९४३ चं, ‘आम्ही जिंकू’ असं रस्त्यावर रंगवलेलं.

जीव रमला तो आझाद हिंदच्या पानात. सुभाषबाबूंच्या आझाद हिंदसाठीची ही तिकिटं बर्लिनच्या सरकारी छापखान्यात १९४३ मध्ये छापली गेली. चित्रं आक्स्टर-हॉयटलास या जर्मन दांपत्याची. नांगर धरलेला शेतकरी, चरख्यावरची बाई, जखमी सैनिकाची शुश्रूषा करणारी परिचारिका, नकाशावर तुटलेल्या साखळ्या. भिंगाखाली धरलं की साखळीची एकेक कडी मोजता येते. जर्मन चित्रकारांच्या हातून आपला शेतकरी इतका आपला उतरला, याचं मला दर वेळी नवल वाटतं. टपालात ही कधीच आली नाहीत. तेव्हा कोणी ‘वापरलेलं आझाद हिंद’ म्हणून शिक्का दाखवून चढा भाव सांगितला, तर पाकीट खाली ठेवा. कोरी, कमी दर्शनी किमतीची तिकिटं आजही आवाक्यात मिळतात. मी कडेला छिद्रं असलेल्या आणि बिनछिद्रांच्या तिकिटांची जोडी लावली आहे.

समोरच्या पानावर महायुद्धातल्या विजयानिमित्त ब्रिटिश सरकारने नाशिकला छापलेली व्हिक्टरी मालिका: ९ पै, दीड आणा, साडेतीन आणे, १२ आणे, सगळ्यांवर सहावा जॉर्ज. ती विक्रीला आली १९४६ च्या सुरुवातीला. त्याच जानेवारीत लाल किल्ल्यातल्या खटल्यातल्या आझाद हिंद सेनेच्या तिघा अधिकाऱ्यांची जन्मठेप रद्द झाली, आणि १८ फेब्रुवारीला मुंबईत नौसैनिकांचं बंड पेटलं. साध्या पत्राला दीड आणाच लागायचा. म्हणजे घरी ख्यालीखुशाली कळवणाऱ्या माणसाच्या हातूनही साम्राज्याच्या विजयाचं तिकीट डकवलं जाई. प्रचार म्हणून मला हे हिमलरच्या तिकिटापेक्षा जास्त परिणामकारक वाटतं, कारण त्यात कोणाला काही खोटं वाटायचं कारणच नव्हतं. या पानाला कोरा सेट पुरत नाही. प्रवास केलेलं पाकीटच हवं.

नागपूरच्या शिक्क्याचं एक पाकीट सीताबर्डीवरच्या जुन्या कागदांच्या गठ्ठ्यात सापडलं. मार्च १९४६, आत पत्र नाही, पत्ता मोडी लिपीत. वाचून घ्यायचं काम सुरू आहे. आता हवं आहे ते कामठीचं, छावणीतून गेलेलं, जानेवारी ते मार्चमधलं. कोणाकडे असलं तर कळवा. पाकीट मळकं, फाटकं चालेल, शिक्क्यावरची तारीख तेवढी वाचता यावी.