‘आवाज येतोय की, मॅडम!’

नवा म्युझिक प्लेअर दुरुस्तीला घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले. जॉबशीटवर तक्रारीचे छापील रकाने होते: आवाज येत नाही, चार्जिंग होत नाही, स्क्रीन चालत नाही, बटण अडकतं, बाहेरून तुटफूट. आवाज येतो पण त्याच्याबरोबर नको ते आवाजही येतात, याला रकाना नव्हता. काउंटरवरच्या मुलाने जरा वेळ पेन हवेत फिरवलं आणि ‘आवाज येत नाही’वर टिक केली. मी म्हटलं, “अहो, आवाज येतो.” तो म्हणाला, “सिस्टीममध्ये काहीतरी टाकावं लागतं ना.” पुढचं सगळं रामायण त्या एका टिकेमुळे घडलं.

प्लेअर साधा, साडेतीन हजारांचा. माझ्या फोनला हेडफोन जॅक नाही, आणि रात्री ऐकत बसलं की मधेच कुणाचातरी मेसेज येऊन तंद्री मोडते, म्हणून घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही. स्वस्त प्लेअरचं दुखणं एकट्या तिचं नाही. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘32 बिट, 384 किलोहर्ट्झ’. सीडी 16 बिट आणि 44.1 किलोहर्ट्झची असते आणि माझ्या मेमरी कार्डावर बहुतेक सीडीवरून उतरवलेलंच संगीत आहे, तेव्हा त्या आकड्याचा मला उपयोग शून्य. तो आकडा आतल्या डॅक चिपचा असतो. आकड्यांचं गाणं करणारी ही चिप हल्ली स्वस्तातली पण बरी मिळते. पैसे वाचवले जातात ते तिच्या पुढेमागे: अँपमध्ये (म्हणजे इअरफोनला ताकद देणाऱ्या अँप्लिफायरमध्ये), बॅटरीपासून चिपपर्यंतच्या वीजपुरवठ्यात, बोर्डावर वायरिंग कसं आखलंय त्यात. ते खोक्यावर कोण छापणार?

पहिल्याच रात्री ख्याल लावला. तानपुरा सुरू झाला आणि त्याच्यामागे एक बारीक सूंऽऽ. शिवाय गाणं बदलताना आणि मधूनमधून उगाचच टिक्-टिक्-किर्र. एकदा ऐकू आलं की मग कान तेच शोधत बसतात.

सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी घरी एवढं करून बघा. व्हॉल्यूम अगदी खाली आणा, पण शून्यावर नको. शून्यावर काही प्लेअर अँपच बंद करतात आणि मग काहीच कळत नाही. एकवर ठेवा. सूं तेवढाच राहिला तर तो अँपचा. व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त झाला तर रेकॉर्डिंगमधला. बाबांच्या कॅसेटवरून उतरवलेल्या मैफलींत टेपचा सूं आहेच, त्याचा दोष प्लेअरला देऊन चालत नाही. टिकटिकीसाठी कार्ड काढून आतल्या मेमरीतलं काहीतरी वाजवा. माझी टिकटिक कार्ड काढल्यावर गेली. म्हणजे कार्ड वाचताना जो विजेचा झटका बसतो, तो आवाजाच्या वाटेत शिरत होता.

एवढं समजून घेऊन, कागदावर लिहून मी सेंटरला गेले होते. तो कागद कुणी हातातही घेतला नाही.

आतल्या इंजिनिअरची तपासणी अशी. सेंटरचा स्वतःचा, वायर पिळवटलेला इअरफोन. प्लेअरमध्ये आधीपासून असलेलं ढणढण डेमो गाणं. डोक्यावर एसी, खाली रस्ता, शेजारच्या टेबलावर कुणाच्या तरी स्पीकरची चाचणी. दहाएक सेकंद ऐकून त्याने इअरफोन माझ्याकडे केला, “आवाज येतोय की, मॅडम!” तक्रार काय, तर आवाज येत नाही. तपासणीत काय निघालं, तर आवाज येतो. जॉबशीटवर शिक्का: ‘नो फॉल्ट फाउंड’. कागदोपत्री सगळं चोख, यात मला हरकत घ्यायला जागाच नाही!

मग पुन्हा टोकन, पुन्हा नवी जॉबशीट, पुन्हा तीच टिक. ‘शेरा’ म्हणून खाली एक ओळ असते, तिच्यात मी हट्टाने लिहायला लावलं: ‘शांत जागी सूं आवाज, कार्ड वाचताना टिकटिक’. कॉम्प्युटरवर चढताना त्याचं ‘साउंड प्रॉब्लेम’ झालं. प्लेअर आत गेला, बरेच दिवस ‘पार्ट पेंडिंग’ दिसत राहिलं, कुठला पार्ट ते फोनवर कुणी सांगेना, आणि शेवटी जसाच्या तसा परत आला.

इथे मी जरा जोर लावला. ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात निव्वळ शांततेची एक मिनिटाची फाइल बनवली, स्वतःचा इअरफोन घेतला आणि सेंटर उघडतं त्या वेळेला, गर्दी व्हायच्या आत पोचले. इंजिनिअरला म्हटलं, “दादा, हे ऐका. यात काहीही नाहीये, तरी सूं येईल.” त्याने ऐकलं. म्हणाला, “काहीच नाही येत.” मी ऐकलं. खरंच काही येत नव्हतं! त्याच्या चेहऱ्यावरचा विजय मी अजून विसरलेले नाही.

उत्तर घरी येऊन शोधलं. सलग शून्यच येत राहिले की कित्येक डॅक चिपा आउटपुट आपणहून म्यूट करतात. गाणं नाही म्हणजे सूंसुद्धा नाही. तानपुरा वाजला की दोन्ही हजर. म्हणून दुसरी फाइल बनवली: एक किलोहर्ट्झचा सूर, पण उणे 80 डेसिबल, ऑडॅसिटीत अँप्लिट्यूड 0.0001. व्हॉल्यूम एकवर ठेवला की सूर कानाला लागत नाही, पण चिपला वाटतं काहीतरी चाललंय. सूं हजर. या वेळी इंजिनिअरने दोन्ही कानांवर हात दाबून ऐकलं आणि म्हणाला, “हां, आहे. पण हे नॉर्मल आहे.”

नॉर्मल! इतके दिवस नव्हताच, आणि सापडला तो थेट नॉर्मल होऊनच.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. तिथे तक्रार नोंदवली, बिल आणि दोन्ही जॉबशीटचे फोटो चढवले. त्यानंतर कंपनीतून फोन आला, फार गोड आवाजात, आणि बोर्ड बदलून मिळाला. हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे, ती कंपनीपर्यंत तक्रार पोचवते, पण माझ्या बाबतीत तेवढं पुरलं.

नव्या बोर्डाने टिकटिक पूर्ण गेली. सूं राहिला. म्हणजे टिकटिक हा बिघाड होता आणि सूं त्या डिझाइनचा स्वभाव. इंजिनिअर निम्मा बरोबर निघाला, हे मला आवडलेलं नाही.

हो, एक राहिलंच. प्लेअर परत देताना ते ओटीपी मागतात, ‘फक्त डिलिव्हरीसाठी’ म्हणून. तो दिला की तक्रार ‘ग्राहक समाधानी’ म्हणून बंद होते. आधी तिथेच उभं राहून ऐका, मग ओटीपी द्या. मागे रांग कुरकुरली तरी.

सूंचा इलाज मात्र सेंटरबाहेर, दोनेकशे रुपयांत निघाला. माझा इअरफोन 16 ओहमचा, एका मिलिवॅटला 105 डेसिबल देणारा, म्हणजे फार तिखट कानाचा. त्याला 105 डेसिबलसाठी जेमतेम 0.126 व्होल्ट लागतात. अँपचा स्वतःचा गोंगाट 10 मायक्रोव्होल्ट धरला तरी कानात 23 डेसिबल पोचतात, आणि रात्री बंद खोलीत तेवढं ऐकू येतं. मधे 75 ओहमचा रोधक असलेला छोटा अडॅप्टर लावला की गाणं आणि सूं दोन्ही 15 डेसिबलने खाली येतात. मग गाण्यासाठी व्हॉल्यूम वाढवायचा. सूं आहे तिथेच राहतो, कारण तो व्हॉल्यूमच्या ताब्यातच नाही. हा तोडगा एकाच डायनॅमिक ड्रायव्हरच्या, म्हणजे कानामागे एकच साधा स्पीकर असलेल्या इअरफोनला चालतो. एका कानात अनेक बारीक ड्रायव्हर असलेला इअरफोन असेल तर त्याचा रोध स्वरागणिक बदलतो आणि मधे रोधक घातला की आवाजाचा पोतच बिघडतो. त्याच कारणाने प्लेअरचा स्वतःचा आतला (आउटपुट) रोध इअरफोनच्या रोधाच्या एक अष्टमांशाहून जास्त नको म्हणतात, 16 ओहमला 2. स्वस्त प्लेअरवाले हा आकडा बहुधा छापत नाहीत. ‘गेन’ची, म्हणजे अँप आवाज किती वाढवतो त्याची सेटिंग असेल तर आधी ती ‘लो’वर करून बघा, कदाचित अडॅप्टर लागणारही नाही.

सॉफ्टवेअरच्या नावानेही थोडी बोटं मोडायचीत. माझ्या प्लेअरमध्ये इक्वलायझर कारखान्यातूनच ‘रॉक’वर होता. गाणं आधीच आकड्यांच्या कमाल मर्यादेला टेकलेलं असतं. त्यात खर्ज 6 डेसिबल चढवला म्हणजे लाटेची उंची दुप्पट, आणि मर्यादेवरचं सगळं कापलं जातं. नंतर व्हॉल्यूम कमी करून उपयोग नाही. फोडणी करपल्यावर वरून कोथिंबीर घातल्यासारखं ते. इक्वलायझर बंद करा, किंवा त्यातलाच प्री-अँप (एकूण आवाजाची पट्टी) तेवढाच खाली घ्या.

ज्यांच्या प्लेअरवर रॉकबॉक्स चालतं त्यांचा मला हेवा वाटतो. 2001 मध्ये स्वीडनमधल्या काही जणांनी आर्कोस कंपनीच्या प्लेअरमधल्या सॉफ्टवेअरला वैतागून स्वतःचं लिहायला घेतलं, तेच हे. फुकट आणि मुक्त. गाण्यांमधली फट, रिप्लेगेन (सगळी गाणी सारख्याच मोठ्या आवाजात वाजवणं), इक्वलायझर, सगळ्याची नीट सोय त्यात आहे. माझं मॉडेल त्यांच्या यादीत नाही. तुम्ही घ्यायच्या आधी यादी बघा.

कारण फट हे माझं उरलेलं दुखणं आहे. सीडीवर विलंबित आणि द्रुत वेगवेगळ्या ट्रॅकवर असतात, पण गाणं सलग असतं; समेवर येता येता माझा प्लेअर अर्धा सेकंद गप्प बसतो. एमपी3मध्ये फाइल बनवणारा एन्कोडर सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरतो, पण फ्लॅकमध्ये (काहीही न गाळता गाणं साठवणारी फाइल) तसं काही नसतं, तरी फट पडते. म्हणजे इथे दोष फर्मवेअरचाच, प्लेअरच्या आतल्या सॉफ्टवेअरचा. मी आता दोन्ही ट्रॅक ऑडॅसिटीत जोडून एकच फाइल करते. जोडल्यावर सेव्ह फ्लॅकमध्येच करा; एमपी3 उघडून पुन्हा एमपी3 केली की दर वेळी थोडं थोडं गळतं, आणि ते प्लेअरने नाही, आपणच केलेलं असतं.