वेब्लीची हलणारी माशी

पंचवीस यार्डांवर माझ्या जुन्या वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या डावी-उजवीकडे पसरायला लागल्या, पण वर-खाली मात्र ठीक होत्या. दोष हाताचा किंवा चापाचा असता, तर पसारा सहसा असा फक्त आडवा दिसला नसता. म्हणून नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायची पुढची खूण, तपासली. अंगठ्याच्या नखाने बाजूला दाबली की बुडाच्या सांध्यातून तेलाचा बारीक थेंब बाहेर यायचा आणि सोडली की आत ओढला जायचा. डोळ्याला हालचाल जवळजवळ दिसतच नव्हती.

रिव्हॉल्व्हर वेब्ली मार्क सहा, .455 बोअरचं, फ्रेमवर 1916 चा ठसा. इथे अमेरिकेत अशी बरीच वेब्ली .45 एसीपी या अमेरिकन पिस्तुलाची काडतुसं बसावीत म्हणून सिलिंडर मागून तासून ठेवलेली मिळतात. माझ्या वेब्लीला कुणी हात लावलेला नाही आणि मला ते तसंच ठेवायचंय. 1916 मध्येच ब्रिटिश हिंदी सैन्याच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी आजच्या इराकमधल्या कूत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या होत्या. त्या सैन्यातले बरेच अधिकारी वेब्ली बाळगायचे. अशा वस्तूवर कानस चालवायला माझं मन धजत नाही.

मार्क सहाची माशी नळीशी एकसंध नसते. ती एक वेगळी पातळ पट्टी असते. नळीवरच्या खाचेत ती बसते आणि आडव्या स्क्रूने धरलेली असते. नेम धरायची मागची खाच असते नळी बंद ठेवणाऱ्या खटक्यावर. दोन्हींमधलं अंतर साधारण साडेसात इंच धरलं, तर पंचवीस यार्ड त्याच्या एकशेवीस पट होतात. म्हणजे माशी पाव मिलिमीटर सरकली की गोळी तीन सेंटिमीटर सरकते, तीही उलट दिशेला: माशी उजवीकडे झुकली तर गोळी डावीकडे.

सोल्डरने चिकटवून टाक, असं एका ओळखीच्याने सुचवलं. मी ते ठामपणे नाकारलं. तापवल्याने जुनं निळं पॉलिश खराब होण्याची भीती असते, आणि पुढे पट्टी कधी काढायची झाली तर पंचाईत.

आधी खटका दाबून नळी बिजागरीवर खाली वाकवून उघडली आणि सिलिंडरची सहाही घरं रिकामी असल्याची खात्री केली. मग चामड्याचे तुकडे लावून नळी व्हाइसमध्ये हलकेच धरली. स्क्रूवर गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर तसंच ठेवलं. खरं काम स्क्रूड्रायव्हरचं. बाजारातलं पातं टोकाकडे निमुळतं असतं, ते स्क्रूच्या डोक्यावरच्या खाचेच्या कडा फाडतं. मी एक जुनं पातं दगडावर घासत, पुन्हा पुन्हा लावून बघत, खाचेच्या तळाशी आणि दोन्ही टोकांना घट्ट बसेल असं केलं. स्क्रू आधी किंचित आवळला, मग सैल केला. न कुरकुरता निघाला.

आटे शाबूत होते. झिजलेली होती ती पट्टीची एक बाजू, शिवाय खाचेत सुकलेल्या तेलाचा काळा थर. नुसता स्क्रू आवळून हे कधीच टिकलं नसतं. सगळं अॅसिटोनने साफ केलं. 0.05 मिलिमीटरची पितळी शिम, म्हणजे फट भरणारा पातळ पत्रा, पट्टीच्या आकाराची कापली, स्क्रूसाठी भोक पाडलं आणि झिजलेल्या बाजूला सरकवली. पट्टी आत जाताना हाताला अडकली, तेव्हा जीव भांड्यात पडला. आट्यांवर जांभळं लॉक्टाइट 222, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद, अगदी थेंबभर. ते बारीक स्क्रूंसाठीच असतं आणि साध्या हत्यारांनी सुटतं. जास्त पक्कं धरणारं लाल लॉक्टाइट मात्र इथे अजिबात वापरू नये. चोवीस तास हात लावला नाही.

रेंजवर टेका देऊन झाडलं. आडवा पसारा गेला, गोळ्या एकाखाली एक लागल्या. गट नेमाच्या थोडा खाली बसतोय, म्हणजे माशी जराशी उंच आहे. मूळ पट्टी मी घासणार नाही. कमी उंचीची दुसरी पट्टी बनवून घेईन आणि ही, शिमसकट, डबीत जपून ठेवेन.