समासातला शेरा : डंडीच्या रजिस्टरांमध्ये सुनेचं घराणं

माझी सून न्यूझीलंडच्या डनेडिनची. ते गाव 1848 मध्ये स्कॉटलंडच्या फ्री चर्चवाल्यांनी, म्हणजे तिथल्या मूळ चर्चमधून फुटून निघालेल्या पंथाने वसवलं, त्यामुळे तिथे घरोघरी ‘आमचे मूळ पुरुष अमुक गावचे’ अशा कथा असतात. तिच्या माहेरची कथा डंडी शहराची. पुरावा म्हणून एक फोटो : पत्त्याच्या पानाहून जरासा मोठा, पुठ्ठ्यावर चिकटवलेला. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी असलेली तरुण बाई आणि खुर्चीत बसवलेला चार-पाच वर्षांचा मुलगा. मुलगा म्हणजे सुनेचे खापरपणजोबा, आणि ती त्यांची मोठी बहीण, असं सगळे सांगतात.

मुलगा-सून सध्या इंग्लंडात असतात. मी त्यांच्याकडे गेले होते तेव्हा सून म्हणाली, “आई, तुम्ही जन्मभर जुनी रजिस्टरं चाळलीत, चला ना माझ्याबरोबर.” भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेल्या बाईला याहून चांगलं आमंत्रण काय असणार!

जाण्याआधी घरी बसून फोटोचा अभ्यास केला, तो फार उपयोगी पडला. या आकाराचे फोटो 1860 नंतर घराघरांत पोचले. सुरुवातीचे पुठ्ठे पातळ, कोपरे काटकोनी; गोल कोपरे साधारण 1870 च्या दशकापासून दिसतात. चेहऱ्यांपेक्षा जास्त बोलते ती मागची बाजू. तिथे स्टुडिओचं नाव आणि पत्ता छापलेला असतो, आमच्यावर डंडीच्या नेदरगेट रस्त्याचा होता. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुन्या पोस्ट ऑफिस डिरेक्टऱ्या, म्हणजे गावातल्या माणसांच्या आणि दुकानांच्या पत्त्यांची पुस्तकं, इंटरनेटवर फुकट ठेवल्या आहेत. वर्षावर्षाच्या पुस्तकात तो छायाचित्रकार शोधत गेलं की तो त्या पत्त्यावर कधी आला, कधी हलला ते कळतं. आमचा गृहस्थ 1878 पासून 1881 पर्यंतच तिथे होता. म्हणजे मुलाचा जन्म 1874 च्या आसपास. एवढं हातात घेऊन निघालो.

एडिनबराच्या वेव्हर्ली स्टेशनातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की समोरच जनरल रजिस्टर हाउस. रॉबर्ट अ‍ॅडम या वास्तुरचनाकाराची इमारत, पायाभरणी 1774 ची. केवळ दप्तर ठेवण्यासाठी एवढं देखणं घुमटाचं घर बांधलेलं पाहून आमच्या तालुक्याची रेकॉर्ड रूम आठवली आणि मी गप्प बसले. आत घराण्याच्या नोंदी शोधायचं ‘स्कॉटलंड्स पीपल’ केंद्र आहे. संगणकाची जागा आधी आरक्षित करावी लागते, आम्ही दिवसाचे माणशी 15 पौंड भरले. हेच सगळं त्याच नावाच्या संकेतस्थळावर घरूनही दिसतं, पण तिथे बहुतेक नोंदींच्या प्रत्येक प्रतिमेचे वेगळे पैसे पडतात, साधारण दीड पौंड. एकाच नावाची दहा माणसं असतात आणि आपला कोणता हे नोंद उघडल्याशिवाय कळत नाही, म्हणून चुकत-माकत शोधायचं असेल तर केंद्रच परवडतं. शिवाय 100 वर्षांच्या आतले जन्म, 75 वर्षांच्या आतली लग्नं आणि 50 वर्षांच्या आतले मृत्यू यांच्या प्रतिमा घरी उघडत नाहीत, तिथे उघडतात.

सरकारी नोंदणी सुरू झाली 1 जानेवारी 1855 ला. त्या पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात त्यांनी इतके रकाने छापले की पुढच्याच वर्षी त्यांतले काही काढून टाकावे लागले. तुमच्या घराण्यातलं कुणी 1855 मध्ये जन्मलं, लग्न झालं किंवा वारलं असेल तर आधी तीच नोंद काढा. आमचं नशीब असं, की ती ‘मोठी बहीण’ 1855 ची निघाली. तिच्या जन्माच्या नोंदीत आईवडिलांची वयं, दोघांची जन्मगावं, लग्नाचं साल आणि आधीची मुलं किती, हे सारं एका ओळीत. आईवडील दोघंही किरिम्युअरचे, म्हणजे डंडीच्या उत्तरेला असलेल्या हातमागांच्या गावचे. 1855 च्या मागे जायचं तर चर्चची जुनी रजिस्टरं बघावी लागतात. त्यांतली सगळ्यात जुनी, एरल गावची, 1553 पासूनची आहेत, पण बऱ्याच गावांत ती उशिरा सुरू होतात किंवा मध्येच तुटतात. 1843 मध्ये चर्चमध्ये फूट पडली (त्यातूनच ते फ्री चर्च), त्यामुळे त्या पुढच्या दहा-बारा वर्षांतला बाप्तिस्मा मूळ चर्चमध्ये नसेल तर इतर पंथांची रजिस्टरं तपासा, तीही तिथेच आहेत.

स्कॉटिश रजिस्टरांत मला सर्वांत आवडलं ते बायकांचं. मृत्यूच्या नोंदीत मेलेल्या माणसाच्या आईचं माहेरचं आडनावही लिहितात, थडग्यावरही बाईचं माहेरचं नाव कोरलेलं असतं. आमच्या उताऱ्यांवर ‘लक्ष्मीबाई भ्रतार गोविंद’ लिहून मोकळे होत, लक्ष्मीबाई कुठल्या घरची ते देव जाणे. मुलांची नावं ठेवायची त्यांची रीत मात्र आपल्यासारखी : पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांचं नाव घेतो, दुसरा आईच्या वडिलांचं, पहिली मुलगी आईच्या आईचं, दुसरी वडिलांच्या आईचं. सगळीकडे पाळलेली नसते, पण दोन सारख्या कुटुंबांतलं आपलं कोणतं हे ठरवायला मदत होते.

आता मुख्य गोष्ट. मुलाच्या जन्माची नोंद सापडली, साल 1874. आईवडिलांच्या रकान्यात किरिम्युअरचं जोडपं नव्हतंच. आईच्या रकान्यात होती ती ‘मोठी बहीण’, धंदा जूट गिरणीत कातणारी. वडिलांचा रकाना कोरा, आणि मुलाच्या नावाखाली ‘अनौरस’ असा शब्द. सून बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग 1881 ची जनगणना काढली. तिथे हा मुलगा आजी-आजोबांच्या घरात, आणि नात्यापुढे गणकाने स्पष्ट ‘नातू’ लिहिलेलं. म्हणजे तेव्हा डंडीत लपवाछपवी नव्हती, ती जहाजातून उतरल्यावर झाली.

सून नोंद बंद करणार एवढ्यात मी थांबवलं. डाव्या समासात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं. आयुष्यभर समासातले शेरे वाचलेत, मोडी वाचलेल्या डोळ्यांना ते इंग्रजी अवघड नव्हतं : दुरुस्ती नोंदवहीचा खंड, पान आणि तारीख. तिथेही मूळ नोंदीला हात लावत नाहीत. बदल वेगळ्या वहीत लिहितात आणि समासात तिचा क्रमांक देतात, आपला फेरफार असतो तसाच. बाळ अनौरस असेल आणि बाप सही करायला आला नाही, तर त्याचं नाव लागत नसे. मग आई शेरिफ कोर्टात, म्हणजे तिथल्या स्थानिक न्यायालयात, बाप कोण ते ठरवण्याचा दावा लावू शके. निकाल तिच्या बाजूने गेला की त्याची दुरुस्ती नोंद होई. दुरुस्तीच्या पानावर बापाचं नाव, धंदा आणि राहण्याचा पत्ता होता : गिरणीतला मेकॅनिक. एकोणीस वर्षांच्या गिरणीकामगार मुलीने कोर्टात जाऊन ते मिळवलं होतं, आणि चार पिढ्यांनी तिला बहीण करून ठेवलं होतं. अपघाती मृत्यूच्या नोंदींनाही असे शेरे असतात, मृत्यूचं खरं कारण बहुधा तिथेच मिळतं. तेव्हा नोंदीची प्रतिमा उतरवून घेताना समास कापू नका.

कोर्टात न गेलेल्यांसाठी आणखी एक जागा आहे : चर्चच्या पंचांची, म्हणजे कर्क सेशनची इतिवृत्तं. लग्नाआधी गरोदर राहिलेल्या मुलींना तिथे उभं करून बाप कोण ते विचारत. वाचताना संताप येतो, पण नाव मिळतं. ही इतिवृत्तं संकेतस्थळावर आहेत, मात्र नावांची सूची नाही, पानं उलटतच बसावं लागतं.

डंडीला रेल्वेने सव्वा तासाच्या आसपास लागतो. जाताना उजवीकडची खिडकी धरा. टे नदीवरचा जुना पूल 28 डिसेंबर 1879 च्या वादळात धावत्या गाडीसकट कोसळला, त्याच्या खांबांचे बुंधे नव्या पुलाशेजारी अजून पाण्यात दिसतात. डंडीत व्हर्डंट वर्क्स हे जूटचं संग्रहालय चुकवू नका. बंगालचा ताग इथे येई, देवमाशाच्या तेलाने मऊ करून कातला जाई. गिरण्यांत बहुतेक बायका, कारण मजुरी कमी. पुरुषांना काम नसे, म्हणून घरी राहणाऱ्यांना ‘केटल बॉयलर’, म्हणजे किटली उकळणारे, म्हणत. एक यंत्र चालू करून दाखवतात, तो आवाज ऐकल्यावर इथल्या बायका ओठांवरून बोलणं का वाचत ते सांगावं लागत नाही.

थडगं सापडलं नाही. गिरणीकामगारांना दगड परवडत नसे, त्यामुळे दफनभूमीत वणवण करण्याआधी शहराच्या अभिलेखागारात दफनाची रजिस्टरं बघा. दगड मिळालाच तर खडू घासू नका. मोबाइलचा दिवा बाजूने तिरपा धरला की झिजलेली अक्षरं उठतात. आणि जून असला तरी रेनकोट हवाच. तिचं राहतं घरही आता नाही, पण राष्ट्रीय ग्रंथालयाच्या नकाशांच्या संकेतस्थळावर जुना आणि आजचा नकाशा शेजारी-शेजारी ठेवता येतो. आम्ही त्यावरून नेमक्या जागी पोचलो, तिथे गाड्या लावायची जागा होती.

फोटोतली बाई तीच, हे कागदावर सिद्ध होत नाही. मुलाचं वय जुळतं, स्टुडिओची वर्षं जुळतात, तेवढंच. सुनेने माहेरी फोन करून सांगितलं तेव्हा तिचे वडील खूश झाले आणि तिची आत्या रागावली. घरात वयस्कर माणसं असतील तर अशा गोष्टी सांगायच्या की नाही, हे निघण्याआधीच ठरवून ठेवा.

दाव्याची मूळ फाइल राष्ट्रीय अभिलेखागारात असू शकते. वाचक ओळखपत्र फुकट मिळतं, पण बरेच कागद दुसऱ्या इमारतीत असतात, आधी मागणी नोंदवावी लागते. आम्हाला ते उशिरा कळलं, आता पुढच्या खेपेला. तोवर त्या मेकॅनिकचा शोध. 1881 नंतर तो स्कॉटलंडच्या जनगणनेत दिसत नाही. डंडीचे मेकॅनिक आणि मुकादम तेव्हा कोलकात्याच्या जूट गिरण्यांत मोठ्या संख्येने जात, त्यामुळे तोही तिकडेच गेला असावा असा आमचा नुसता अंदाज. भारतातल्या ख्रिस्ती जन्म-लग्न-मृत्यूंच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, इलाख्यानुसार वेगळ्या क्रमांकाखाली : बंगाल एन-1, मद्रास एन-2, मुंबई इलाखा एन-3. पुण्या-मुंबईत राहिलेल्या स्कॉटिश माणसाचा माग कुणी तुम्हाला विचारला तर त्याला एन-3 कडे पाठवा. कोलकात्यात कराया रोडवर स्कॉटिश दफनभूमी आहे, तिथे डंडीहून आलेल्यांचीही थडगी आहेत. सून तिकिटं बघायला लागली आहे. मी म्हटलं, आधी एन-1 काढ.