दर्या, दऱ्या आणि दुर्बीण

श्रावणातला शनिवार, बाहेर झड लागलेली, माझ्या टायपिंग क्लासात मराठी विकिपीडियावर लिहायला शिकायला नऊ जण जमलेले. सहा जणांची तिथे खाती उघडून झाली आणि सातव्या, म्हणजे वाचनालयातल्या वहिनींच्या वेळी गाडी अडली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी आधी नेटला शिव्या घातल्या आणि मग स्क्रीनवरचा मजकूर वाचला. (क्लासात पोरांना रोज सांगते, आधी वाचा, मग कळ दाबा.) एका आयपी पत्त्यावरून, म्हणजे एकाच नेट जोडणीवरून, चोवीस तासांत सहाच खाती उघडता येतात. कोणी खोडसाळपणे ढिगाने खाती काढू नयेत म्हणून ही सोय. आम्ही सगळे एकाच राउटरवर, म्हणजे विकिपीडियाच्या हिशेबी एकच घर.

"रेशनकार्डासारखं झालं की हो," वहिनी म्हणाल्या.

उरलेल्या तिघांची खाती भाच्याच्या मोबाइलचा हॉटस्पॉट घेऊन काढली. तेवढ्यात लाईट गेली.

देवगडात माझा हा क्लास जुना आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी सुरू झाला, तेव्हा माझ्याकडे अजून टाइपरायटर खटखटत होते आणि असलं काही असतं याचा मला पत्ता नव्हता. फार नंतर भाच्याने दाखवलं आणि मी माझं पहिलं संपादन केलं. काय केलं असेल? देवगडच्या लेखात माझ्या क्लासचं नाव आणि फोन नंबर घातला. 'शासनमान्य' हा शब्द ठळक अक्षरांत. दहा मिनिटांत कोणीतरी ते काढलं आणि आढाव्यात, म्हणजे बदल का केला ते लिहायच्या रकान्यात, एकच शब्द लिहिला: 'जाहिरात'. मी महिनाभर त्या पानाकडे फिरकले नाही. चूक माझीच होती. पण त्या माणसाने एका शब्दाऐवजी एक वाक्य लिहिलं असतं तर माझे पंधरा दिवस तरी वाचले असते.

म्हणून नवीन माणूस आला की मी त्याला आधी 'संपादन' दाखवत नाही, 'इतिहास' दाखवते. लेखाच्या वरच्या बाजूला ती कळ असते. कोणी, कधी, काय बदललं, सगळं तिथे ओळीने. जुनी प्रत उघडता येते, दोन प्रती शेजारी ठेवून फरक बघता येतो, आणि नको तो बदल परतवता येतो. लॉंचवर काम करणारा एक मुलगा येतो. त्याची दोन वाक्यं उडाली तेव्हा तो तणतणत आला, "बाई, माझा लिवलेला खंय गेला? कोणी पुसल्यान?" इतिहासात त्याची वाक्यं जशीच्या तशी दाखवली तेव्हा गडी शांत झाला. पुसलेलंही तिथे राहतं म्हटल्यावर माणसाची निम्मी भीती जाते. उरलेली निम्मी 'प्रकाशित करा' या शब्दाची. आमच्याकडे प्रकाशन म्हणजे हारतुरे, पाहुणे, नारळ. वहिनी तर त्या कळीवर बाण नेऊन पाच मिनिटं बसून होत्या.

आणि माझा स्वतःपुरता एक नियम आहे: शिकणाऱ्याच्या माउसला हात लावायचा नाही. फार कठीण जातं. समोरचा माणूस चुकीच्या जागी बाण फिरवत असतो आणि आपला हात आपसूक पुढे जातो. यावर मी तोडगा काढलाय, दोन्ही हातांत चहाचा पेला धरून उभी राहते. चहा संपला तरी पेला सोडत नाही.

हे वर्ग पावसाळ्यातच भरतात. आंब्याच्या हंगामात देवगडात कोणाला बोलवायचं? फेब्रुवारीपासून सगळे बागेत, पेटीत, गवतात. जूनला माणसं मोकळी होतात, आणि तेव्हा लाईट जाते. तेव्हा पहिला धडा असा, की दोन ओळी लिहायच्या आणि जतन करायच्या. अर्धा तास लिहून एकदम कळ दाबू म्हणणाऱ्यांचं काय होतं ते सगळ्यांनी एकदा पाहिलंय.

सराव 'धूळपाटी' नावाच्या पानावर. इंग्रजीत याला वाळूचा हौद अशा अर्थाचं नाव आहे, पण मराठी विकिपीडियावाल्यांनी 'धूळपाटी' शोधलं याचं मला फार कौतुक वाटतं. आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर विद्यार्थ्याला, निवृत्त गुरुजींना, हा शब्द दिसला तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं, पाटीवर धूळ पसरायची, बोटाने अक्षर गिरवायचं, पाटी हलवली की पुसलं. विकिपीडियाशी त्यांची ओळख त्या दिवशी झाली असं मी धरते. प्रशासकाला 'प्रचालक', गप्पांच्या पानाला 'चावडी', आपोआप काम करणाऱ्या प्रोग्रॅमला 'सांगकाम्या'! सांगकाम्या ऐकून तर सगळे हसत सुटले.

खरी अडचण शिरते ती कळफलकावर. कोकणाला दर्या आहे आणि दऱ्याही आहेत, आणि दोन्ही नीट लिहिता आले पाहिजेत. इनस्क्रिप्ट या कळफलकात 'जे'च्या कळीवर 'र' आहे, त्यापुढे हलन्त आणि 'य' दिला की 'र्य' होतो, दर्यातला. शिफ्ट धरून तीच 'जे' दाबली की 'ऱ', आणि त्यापुढे तेच केलं की 'ऱ्य', दऱ्यांतला. एक शिफ्ट विसरलात तर घाटातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. लॉंचवरच्या मुलाने लिहिलं होतं, 'किनाऱ्यावर' म्हणून 'किनार्यावर', आठ वेळा. मी काही बोलले नाही, पेला धरून उभी राहिले. नवव्या वेळी त्यालाच खटकलं.

गुरुजींचं वेगळंच झालं. त्यांनी आपल्या गावावर तीन पानं लिहून, कोणाकडून तरी टाइप करून, पेनड्राइव्हवर आणली. चिकटवली तर इंग्रजी अक्षरं, कंस आणि आश्चर्यचिन्हं यांची भेळ. "ही कुठली भाषा?" ते म्हणाले. मजकूर जुन्या फॉन्टातला होता. त्या फॉन्टात मशीनच्या लेखी आत इंग्रजी अक्षरंच असतात, वर फक्त मराठीचा मुखवटा. मुखवटा काढला की भेळ. युनिकोडात प्रत्येक मराठी अक्षराला त्याचा स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून ते कुठेही नेलं तरी मराठीच राहतं. बदलून देणारे प्रोग्रॅम मिळतात, मी देऊ केला. गुरुजींनी ऐकलं नाही. एका बोटाने, तीन शनिवार बसून, सगळं पुन्हा टाइप केलं. तीन पानांचं दीड पान झालं, कारण एका बोटाने 'निसर्गरम्य' सहा वेळा टाइप करायचा कंटाळा आला.

'निसर्गरम्य' हा आमचा सार्वजनिक आजार आहे. मराठी विकिपीडियावर खेड्यांचे एकेका ओळीचे असंख्य लेख आहेत, अमुक हे तमुक तालुक्यातील एक गाव आहे, संपलं. कोकणातल्या माणसाला असा लेख दाखवा, तो लगेच 'हिरव्यागार वनराईच्या कुशीत वसलेले' जोडतो. मी म्हणते, तुमच्या गावाच्या जागी शेजारच्या गावाचं नाव घालून वाचा. काही फरक पडला? नाही ना? मग २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या घाला, खाडी कुठली, जवळचं स्टेशन कुठलं ते घाला. तो लॉंचवरचा मुलगा फोटोही काढतो, त्याने बंदरातला भल्या पहाटेचा एक फोटो कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या कोठारात, चढवला. दुसरा मात्र नेटवरून उचललेला होता, तो गेला. स्वतः काढलेला किंवा मुक्त परवान्याचाच फोटो चालतो हे त्याला एकदाच सांगावं लागलं.

आता गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, पंचाहत्तरीला टेकलेले, मला बाई म्हणतात, मी त्यांच्या मुलीच्या वयाची असले तरी.

विजयदुर्ग आमच्याच तालुक्यात. किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' म्हणून दाखवतात. लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबाने १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात तिथे दुर्बीण लावली आणि हेलियम वायूचा शोध लावला, हे इथल्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. मला माझ्या वडिलांनी त्या ओट्यावर उभं करून सांगितलं होतं. गुरुजींनी तीस वर्षं पोरांना तिथे सहलीला नेऊन सांगितलं. तर एका रात्री, मला न विचारता, पुतण्याच्या लॅपटॉपवरून त्यांनी विजयदुर्गच्या लेखात ते वाक्य घातलं, शेवटी उद्गारचिन्हासह. सकाळी वाक्य गायब. आढाव्यात, 'संदर्भ हवा'.

छत्री निथळत तशीच दारात घेऊन उभे राहिले. पिशवीत एक स्मरणिका आणि वर्तमानपत्राचं पिवळं कात्रण.

"हा घ्या संदर्भ."

दोन्हींत तेच वाक्य होतं, जवळजवळ शब्दाला शब्द. मी विचारलं, "पण ज्याने हे लिहिलं त्याला कोणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहीत आहे ते."

"गुरुजी, तुमच्या वर्गात एखाद्याने उत्तराखाली असं लिहिलं असतं तर?"

ते बसले. मला माझाच राग आला, कारण मलाही ते खरंच हवं होतं.

बीएस्सीला असलेली एक मुलगी आमच्यात येते, फार बोलत नाही. तिने ते अंगावर घेतलं. आधी काहीच सापडेना, कारण जुन्या इंग्रजी कागदांत विजयदुर्ग नाहीच, 'विझियाद्रुग' आहे. ते स्पेलिंग हाती लागलं आणि कुलूप उघडलं. पुढच्या शनिवारी ती वही घेऊन आली.

१८६८ च्या ग्रहणाचा पट्टा आमच्या अंगावरून गेला होता हे खरं. त्या दिवशी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, जॉन हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी जमखंडीला होता. लॉकियर मात्र इंग्लंडात. त्याने त्याच वर्षी २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, स्वतःच्या वर्णपटदर्शकातून, म्हणजे उजेडाचे रंग वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रातून, सूर्याच्या कडेचा उजेड बघितला. त्यात सोडियमच्या पिवळ्या रेषांशेजारी एक पिवळी रेषा दिसली, पण ती सोडियमची नव्हती. तिच्या धन्याला, म्हणजे त्या अनोळखी मूलद्रव्याला, पुढे सूर्याच्या ग्रीक नावावरून 'हेलियम' म्हटलं गेलं. पृथ्वीवर तो रॅम्झी या रसायनशास्त्रज्ञाला सापडला १८९५ मध्ये. आणि त्यानंतर तीन वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला, लॉकियर विजयदुर्गला आला. खरोखर आला. त्याचा स्वतःचा छापील अहवाल आहे.

म्हणजे साहेब खरा, किल्ला खरा, ग्रहणही खरं. फक्त तीस वर्षांची गल्लत.

"मग मी पोरांना इतकी वर्षं चूक सांगितलं," गुरुजी म्हणाले. कोणी काही बोललं नाही. पागोळ्यांचा आवाज तेवढा. मुलगीच जरा घाईने पुढचं वाचू लागली. लॉकियरच्या मदतीला नौदलाच्या 'मेल्पोमेनी' जहाजावरची माणसं होती. ज्यांनी जन्मात असली यंत्रं हाताळली नव्हती अशा खलाशांना त्याने कामं वाटून दिली, ग्रहणाआधी रोज तालीम घेतली.

"पुन्हा वाच," गुरुजी म्हणाले.

तिने वाचलं.

"खलाशांची तालीम? रोज?" त्यांनी चष्मा पुसला. "हे कोणीच कधी सांगितलं नाही हो." हेलियम तिथेच राहिला. पुढचा अर्धा तास विषय एकच, किल्ल्यावर उन्हात उभे ते खलाशी, आणि त्यांना शिकवणारा तो साठी ओलांडलेला साहेब.

मी म्हटलं, आधी लेखाच्या चर्चा पानावर लिहा. काय सापडलं, कुठे सापडलं, आधीचं वाक्य का चुकलं. त्यांनी लिहिलं. चर्चा पानावर मजकुराखाली सही लागते. 'उत्तर द्या'मधून लिहिलं तर ती आपोआप पडते, पण मी जुन्या पद्धतीने चार चिन्हं टाइप करायला शिकवते, तो टिल्डा, एकच्या डावीकडच्या कळीवरचा. टिल्डा हा शब्द कोणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून आम्ही त्याला लाट म्हणतो. चार लाटा काढल्या की तुमचं नाव, तारीख आणि वेळ उमटते. गुरुजींनी शिफ्ट धरून मोजत मोजत चार लाटा काढल्या, कळ दाबली आणि खाली स्वतःचं नाव बघत राहिले.

मग लेखात एकच वाक्य. '२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर यांच्या तुकडीने विजयदुर्ग येथे दुर्बिण व कॅमेरे लावून निरीक्षणे केली.' पुढे संदर्भ, पान क्रमांकासकट. उद्गारचिन्ह नाही. माझ्या पेल्यातला चहा केव्हाच थंड झाला होता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी सहाला फोन.

"बाई, माझ्या वाक्याला कोणीतरी हात लावलाय."

"काढलं?"

"काढलं नाही. वेलांटी बदललीय. दुर्बिणची दुर्बीण केलीय."

"आढाव्यात काय लिहिलंय?"

"'शुद्धलेखन.' नुसतं एवढंच."

"मग बरोबर बदललीय का?"

बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. मग वर्गात म्हणावा तसा आवाज आला. "अकारान्त शब्दाचं उपान्त्य अक्षर दीर्घ. बरोबर आहे." आणि जरा थांबून, "पण बदलण्याआधी एक शब्द विचारायला काय झालं होतं त्याला?"