कानपूरच्या रिव्हॉल्व्हरला माझ्या मापाची मूठ

आम्हा निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, बेळगाव लांब. दवाखाना असो की लग्नाचा बस्ता, गाडी कोल्हापूरकडेच वळते. पण रिव्हॉल्व्हर घेऊन महाराष्ट्राच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडता येत नाही, कारण माझ्या परवान्यावर क्षेत्र ‘कर्नाटक राज्य’ एवढंच आहे. म्हणून मूठ नि चाप दुरुस्त करून घ्यायला बेळगावातला बंदुकांचा मिस्त्री गाठला. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्ती करणाऱ्यालाही स्वतःचा परवाना लागतो, तेव्हा ओळखीच्या लेथवाल्याचा प्रश्नच नव्हता.

माझं हत्यार कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं. पॉइंट ३२ बोअर, सहा गोळ्यांचं, जुन्या वेब्ली या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरच्या धर्तीवर मधोमध मोडून उघडणारं. मजबूत आहे, पण चाप भलता जड. घोडा, म्हणजे काडतुसावर आदळणारा हातोडा, आधी मागं न चढवता चाप ओढला की नळीचं तोंड हमखास हलतं. त्यात मूठ बारीक, करंगळी अधांतरीच.

‘रिकामं आहे मामा,’ म्हणत मिस्त्रीमामांच्या पुढं केलं, तरी त्यांनी उघडून सहाही घरं उजेडाकडे धरून पाहिली. मग परवाना आणि हत्याराचा नंबर वहीत उतरवला, पावती फाडली. कागदोपत्री काम एवढंच.

खरी गंमत मुठीची. मामा म्हणाले, ‘डोळे मिटा, भिंतीकडं धरा, आता उघडा बघू.’ डोळे उघडले तर पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, डावीकडे गेलेली. हात जुळवून घेत होता म्हणून इतकी वर्षं ते कळलं नव्हतं. शिसवीची नवी मूठ त्यांनी मुद्दाम जाड ठेवली, तिला खडू फासला आणि पुन्हा पकडायला लावली. जिथं खडू पुसला गेला तिथं कानस, मग पॉलिश पेपर, मग परत खडू. अंगठ्याच्या मुळाशी त्यांनी नखाएवढी जागा काढली असेल, तेवढ्यानं माशी मधे आली.

चापासाठी त्यांनी आतले भाग सुटे केले. घोडा आणि चाप एकमेकांवर घासतात तिथली खरबड ऑइल स्टोननं काढली. कोपऱ्यांना मात्र हात लावला नाही. तिथला कोन बिघडला तर चढवलेला घोडा आपोआप सुटू शकतो. मला आणखी हलका चाप हवा होता. म्हटलं, स्प्रिंग थोडी कापू या की.

‘कापतो की. मग घोडा काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर जोरात बसणार नाही, नि ऐनवेळी नुसतं टक् वाजंल. चालंल काय?’

विषय तिथंच संपला. नवं ब्लूइंग, म्हणजे गंज रोखणारा निळसर-काळा थर, करतानाही नंबराच्या जागेवर त्यांनी पॉलिश फिरवलं नाही. नंबर पुसट झाला तर तो गुन्हाच धरतात. कुणीतरी नळी आखूड करून मागितल्याचा किस्सा सांगून ते खूप हसले. विनापरवाना ते केलं तर गिऱ्हाईक नि मिस्त्री दोघंही आत.

दुकानात गोळी झाडता येत नाही, म्हणून डमी काडतुसं घालून तिथंच चाप ओढून बघितला. जड आहे अजून, पण आता सरळ मागं येतो, मधे अडखळत नाही. मजुरी माझ्या अंदाजापेक्षा जास्त झाली. घासाघीस केली नाही. जुनी मूठ कागदात गुंडाळून, नंबराची पावती परवान्यात ठेवून संध्याकाळच्या एसटीनं, म्हणजे इकडच्या वायव्य कर्नाटक परिवहनच्या बसनं, निपाणीला परतलो.