सहा मैलांचं भाडं

मुंबईत खासगी विमानांना गर्दीच्या वेळी मनाई असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती चार तासांवरून आठ तासांवर नेली. संध्याकाळचे पाच ते आठ त्यातलेच. म्हणून आठच्या ठोक्याला ही मंडळी हजर. आठ वाजता गर्दी संपते, असं कागदावर आहे.

त्या रात्री अप्रोचला, म्हणजे उतरणाऱ्या विमानांना रांगेत लावायच्या कंट्रोलर ड्युटीला, मी होतो. रनवे २७ साठी पुढे ट्रिपल सेव्हन, म्हणजे अवाढव्य बोइंग ७७७, मागे किंग एअर हे छोटं खासगी विमान, त्यामागे एअरबस ३२०. ट्रिपल सेव्हनच्या पंखांमागे जे भोवरे सुटतात, त्यात सहा टनांच्या आतलं किंग एअर कलंडू शकतं, म्हणून मध्ये सहा मैल सोडायचे. तिथे एअरबस असती तर पाच पुरले असते. शिवाय किंग एअर शेवटच्या टप्प्यात फारच सावकाश येतं. त्याला मी रनवे चार मैलांवर येईपर्यंत १६० नॉटचा वेग धरायला लावलं, मागच्या एअरबसला जास्तीची जागा ठेवली. चोख बसलं होतं सगळं. पण उतरल्यावर गडी बाहेर पडायचा पहिला टॅक्सीवे सोडून रनवेवरच निवांत पुढे चालत राहिला आणि टॉवरला एअरबसला गो-अराउंड द्यावा लागला, म्हणजे न उतरता पुन्हा वर पाठवावं लागलं. भरलेलं विमान पुन्हा फेरी मारून आलं. जळालेल्या इंधनावर राज्याचा तेव्हाचा १८ टक्के व्हॅट वेगळाच.

किंग एअरमध्ये प्रवासी एक. हे दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये बिलिंगच्या मित्राकडून कळलं. लँडिंगचे पैसे वजनावर, यूडीएफ हे विमानतळ वापरायचं शुल्क माणशी, छोट्या शहरांच्या उडान योजनेसाठीची लेव्ही फक्त शेड्यूल्ड, म्हणजे वेळापत्रकावर उडणाऱ्या विमानांना. म्हणजे तिन्हीकडून हा स्वस्तात सुटला.

मित्र म्हणाला, "अरे, तो टर्मिनल वापरत नाही, बेल्ट नाही, एरोब्रिज नाही. आणि तुझं ते पंख्याचं छोटं प्रवासी विमान, एटीआर? ऐंशी सीटच्या आतलं शेड्यूल्ड, लँडिंग माफ. इंधनावरही सवलत, ती खासगीवाल्याला नाही."

खरं आहे. पण एटीआरमध्ये सत्तर माणसं असतात. वजनाने रनवे झिजतो, हेही मान्य. मुंबईत तुटवडा मात्र मिनिटांचा आहे. गर्दीच्या तासाला ४६ विमानांची ४४ केली ती त्यापायीच. मी सोडलेल्या सहा मैलांना दरपत्रकात ओळच नाही.

मिनिटांवर दर लावा म्हटलं, तर एअर ॲम्ब्युलन्सही त्यात सापडते. तिच्यासाठी मी ट्रिपल सेव्हनलाही बाजूला काढेन. मग सवलतीचं कलम घालू, म्हटलं. मित्र हसला. म्हणाला, "घाल. पहिला अर्ज कुठल्या व्हीआयपीचा येतो, ते मी सांगतो."