तुम्ही विचारलंत म्हणून: लॉसलेसचं सेटिंग काय ठेवू?

"एडिटिंगसाठी लॉसलेस करायचंय, सेटिंग काय ठेवू?" हा प्रश्न इतक्यांदा येतो की उत्तर एकदाचं लिहूनच टाकतो. लॉसलेस म्हणजे व्हिडिओ असा दाबून साठवणं की उलगडल्यावर चित्राचा कणही बदलत नाही. विचारणारे बहुतेक दोन प्रकारचे. एक, घरोघरच्या लग्नाच्या व्हीएचएस कॅसेट डिजिटल करून देणारे. दुसरे, फोनवर शूट करून यूट्यूबला टाकणारे.

फोनवाल्यांचं आधी उरकतो. तुम्हाला लॉसलेस नकोच. फोनने शूट करतानाच चित्र एच.२६४ किंवा एचईव्हीसी या तपशील गाळणाऱ्या पद्धतीत कॉम्प्रेस केलंय, त्यात जे गेलं ते गेलं. ४के, सेकंदाला ३० फ्रेम, ८ बिट, ४:२:० (रंगाचा तपशील उजेडाच्या पाव) असं चित्र उलगडलं की सेकंदाला ३७३ एमबी होतात, म्हणजे तासाला १.३ टीबीच्या वर. लॉसलेस कोडेकने (कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबायची-उलगडायची पद्धत) ते निम्म्यावर आणलं तरी डिस्क भरणार, आणि चित्र मूळ फाइलइतकंच राहणार. एडिटरची टाइमलाइन (क्लिप मांडायची पट्टी) अडकते ही तुमची खरी तक्रार असते. फोनच्या फाइलमध्ये बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्याच नसतात, शेजारच्या फ्रेमवरून बांधून काढाव्या लागतात, म्हणून ती अडकते. प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरती हलकी नक्कल करा, नाहीतर प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या एडिटिंगच्या कोडेकमध्ये बदलून घ्या. त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. हे दोन्ही लॉसलेस नाहीत, पण तुमच्या कामाला पुरून उरतात.

आता कॅसेटवाले. इथे लॉसलेसला खरंच अर्थ आहे, कारण ती कॅसेट पुन्हा नीट चालेल याची खात्री नसते. पण तुम्ही सगळे कोडेकपासून सुरुवात करता आणि मी तुम्हाला त्याच्या आधीचं विचारतो: कॅप्चर कार्डातून (व्हीसीआरचा सिग्नल कॉम्प्युटरला देणाऱ्या उपकरणातून) कॉम्प्युटरमध्ये नेमकं काय येतंय? स्वस्त कार्डाबरोबर येणारं सॉफ्टवेअर बरेचदा थेट एमपेग-२ मध्येच, म्हणजे तपशील गाळूनच, रेकॉर्ड करतं. त्या फाइलचं मग लॉसलेस करून काय उपयोग? लॉसलेस कोडेक हा प्रामाणिक कारकून आहे. हातात दिलेला कागद तो काना-मात्रा न बदलता उतरवून घेतो, कागद आधीच फाटका होता का हे विचारत नाही.

कार्ड बरं असेल तर ८ बिट, ४:२:२ (रंगाचा तपशील उजेडाच्या निम्मा), वाययूव्ही (उजेड आणि रंग वेगवेगळे) असा सिग्नल मिळतो. तो तसाच्या तसा ठेवा. कॅप्चरच्या खिडकीत कलर फॉरमॅटची एक यादी असते, तिच्यात आरजीबी (लाल-हिरवा-निळा) दिसतं, आणि आरजीबी म्हणजे जास्त चांगलं असं वाटून लोक ते निवडतात. घोळ इथेच होतो. लग्नाच्या कॅसेटमधला अंतरपाट डोळ्यासमोर आणा. पांढरं कापड, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, समोरून व्हिडिओवाल्याचा हॅलोजन. व्हिडिओत पांढऱ्याची अधिकृत पातळी २५५ पैकी २३५, पण त्या झगझगाटात कापड २४५-२५० पर्यंत सहज जातं. वाययूव्हीमध्ये हे आकडे जिवंत राहतात. नंतर ब्राइटनेस खाली ओढला की कापडाच्या चुण्या परत दिसतात. आरजीबी करताना मात्र २३५ चे २५५ होतात आणि त्यावरचं सगळं छाटलं जातं. मग कितीही ओढा, अंतरपाट सपाट राखाडी होतो, चुण्या येत नाहीत. फाइल मात्र 'लॉसलेस' असते, आणि ते खोटंही नसतं. स्वस्तिकाच्या कडा फिसकटलेल्या दिसतात त्याचा दोष कोडेकला देऊ नका. व्हीएचएस रंगाचा तपशील मुळात फारच थोडा साठवतं, ते कोणत्याच सेटिंगने परत येत नाही.

एवढं जमलं की सेटिंग सोपं आहे. मी साठवणुकीसाठी एफएफव्ही१ हा लॉसलेस कोडेक वापरतो, एमकेव्ही फाइलमध्ये. एफएफएमपेग या फुकट कमांड-प्रोग्रॅममध्ये त्याचे पर्याय असे: लेव्हल ३, जी १, कोडर १, कॉन्टेक्स्ट ०, एसडीला (कॅसेटच्या दर्जाच्या चित्राला) स्लाइसेस, म्हणजे फ्रेमचे तुकडे, ४, एचडीला १६ किंवा २४, आणि स्लाइससीआरसी १. शेवटचं विसरू नका. फ्रेमच्या प्रत्येक तुकड्याला त्यामुळे चेकसम (पडताळणीचा आकडा) मिळतो आणि उद्या डिस्क बिघडली तर नेमका कुठला तुकडा गेला ते कळतं. ऑडिओ पीसीएम (न दाबलेला) ठेवा, ४८ किलोहर्ट्झ. कॅसेटवरची फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन भागांत असते, म्हणजे इंटरलेस्ड. डीइंटरलेस करून ते भाग मिसळू नका, मास्टर (जपायची मूळ फाइल) इंटरलेस्डच राहू द्या. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीचं हे चित्र कॉम्प्रेस न करता तासाला ७५ जीबी होतं. एफएफव्ही१ मध्ये ते ३० च्या आसपास येतं. कॅसेटवर नॉइज जितका जास्त, तितकी फाइल मोठी. एफएफव्ही१ चं स्पेसिफिकेशन २०२१ साली आरएफसी ९०४३ या जाहीर तांत्रिक दस्तऐवजाच्या रूपात प्रसिद्ध झालंय, म्हणून वीस वर्षांनी फाइल उघडेल का ही धास्ती मला वाटत नाही.

एडिटिंगला मात्र एफएफव्ही१ जड जातं. एन्कोडला जेवढी मेहनत, जवळपास तेवढीच डीकोडला. शॉटकट आणि केडेनलाइव्ह हे फुकट एडिटर एफएफएमपेगवरच उभे असल्याने ते उघडतात, महागड्या एडिटरांचा काही भरवसा नाही. टाइमलाइनवर पळवायला यूटी व्हिडिओ हा हलका लॉसलेस कोडेक घ्या. फाइल फुगते, पण स्क्रबिंग (क्लिप भराभर पुढे-मागे सरकवणं) अडत नाही.

एक्स२६४ या एच.२६४ बनवणाऱ्या एन्कोडरचं लॉसलेस वापरायचं तर दर्जाच्या पर्यायांत सीआरएफ ० नको, क्यूपी ० लिहा. ८ बिटमध्ये दोन्ही एकच, १० बिटमध्ये सीआरएफ ० लॉसलेस नसतं. एक्स२६५ या एचईव्हीसीच्या एन्कोडरमध्ये तर लॉसलेस हा पर्याय वेगळा चालू करावा लागतो. प्रीसेटवरून (एन्कोडचा वेग ठरवणाऱ्या सेटिंगवरून) भांडू नका, लॉसलेसमध्ये त्याने फाइलचा आकार आणि लागणारा वेळ बदलतो, चित्र नाही. आणि ही फाइल गिऱ्हाइकाला देऊ नका. तिचं प्रोफाइल हाय ४:४:४ प्रेडिक्टिव्ह असतं, ते बहुतेक टीव्ही-फोन वाजवत नाहीत, मग रात्री अकराला फोन तुम्हालाच येतो.

मिनीडीव्ही कॅसेटवाल्यांनी यातलं काहीच करू नये. टेपवर डेटा आधीच डिजिटल आहे, तासाला साधारण १३ जीबी. फायरवायर केबलने तो जसाच्या तसा उतरवा आणि तीच फाइल ठेवा.

कॉपी खरंच लॉसलेस झाली का, हे डोळ्यांनी तपासू नका. एफएफएमपेगमध्ये फ्रेमएमडी५ आहे, ते प्रत्येक फ्रेमच्या डेटावरून एक ओळखखूण (हॅश) काढतं. मूळ आणि नवी, दोन्ही फाइलींवर चालवा, प्रत्येक फ्रेमचा हॅश जुळायला हवा. पहिल्या फ्रेमपासूनच जुळत नसेल तर बहुधा मध्ये कुठेतरी पिक्सेल फॉरमॅट (वाययूव्हीचं आरजीबी वगैरे) बदललाय. तेव्हा मला विचारताना कोडेकचं नाव नंतर लिहा, आधी दोन्ही फाइलींचा मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा स्क्रीनशॉट पाठवा.